गोटूच्या डोक्यातला दाणा

एका जंगलात, जिथे सागाची झाडं खूप आणि सल्ले देणारे त्याहून खूप, तिथे ओढ्याकाठच्या बिळात एक खवलेमांजर राहायचं. तिचं नाव खवली.

आता मुलांनो, खवलेमांजर म्हणजे मांजर नव्हे बरं का. ते म्याव करत नाही, दुधावर टपून बसत नाही. त्याच्या अंगभर खवले असतात, कौलांसारखे, एकावर एक. जीभ हातभर लांब, आणि दात? एकही नाही. मुंग्या चाटायला दात कशाला लागतात? आणि भीती वाटली की ते पोटात डोकं घालतं, वरून शेपटी ओढून घेतं आणि गोटा होऊन पडतं. मग वाघ आला तरी त्याने दोन पंजे मारावेत, नखं चोळावीत आणि घरी जावं.

खवलीला एक बाळ होतं. गोटू.

खवलेमांजरांत बाळाला पाळण्यात ठेवायची पद्धत नाही. कडेवर घ्यायचीही नाही. बाळ आईच्या शेपटीवर बसतं. आई वारुळाकडे निघाली, बाळ शेपटीवर. आई झाडावर चढली, बाळ शेपटीवर. गोटू जन्मल्यापासून त्या शेपटीवरून उतरला नव्हता. खवलीला तो आता शेपटीचाच भाग वाटायचा. फक्त जरा जड.

सगळं छान होतं. काळजी एकच होती. गोटू बोलत नव्हता.

शेजारच्या साळूचा मुलगा काटेश गोटूहून आठ दिवसांनी लहान. तो नुसता बोलत नव्हता, उलट उत्तरं देत होता.

खवली विचारायची, “गोटू, भूक लागली?”

गोटू गोटा.

“बाळा, पोट दुखतंय का?”

गोटा.

“माझ्यावर रुसलास?”

गोटा. तोही शेपटीला धरूनच. म्हणजे शेपटीला धोंडा बांधल्यासारखी खवली तशीच फरफटत घरी यायची.

“ह्याच्या डोक्यात चालतं तरी काय?” ती स्वतःशीच बोलायची. परवा लाल मुंग्या चारल्या, त्या झोंबल्या असतील का? मी जोरात शिंकले, तेव्हा घाबरला असेल का? मी सारखी विचारते म्हणून कंटाळला असेल का? आणि ह्या सगळ्यांखाली आणखी एक प्रश्न होता. तो ती कुणाजवळ बोलायची नाही. एकदा फक्त एका रिकाम्या वारुळात तोंड घालून तिने तो हळूच विचारला होता.

“मी त्याला आवडते तरी का?”

वारूळ रिकामंच होतं. उत्तर कोण देणार?

एके दिवशी ती साळूकडे विस्तव, नाही, चुकले, जनावरांना विस्तव कशाला, ती साळूकडे कंद मागायला गेली. साळू म्हणजे साळिंदर. अंगावर ही एवढाली पिसं, म्हणजे काटे. रागावली की खडखडतात. आनंद झाला तरी खडखडतात. त्या दिवशी खूपच खडखडत होते.

साळूच्या दारावर एक पान टांगलेलं होतं. भोकंच भोकं. नुसती चाळणी.

“हे काय गं साळूताई? पानाला कीड लागली?”

“कीड? तोंड सांभाळ! आमच्या काटेशच्या डोक्यातलं आहे ते सगळं. सुतार डॉक्टरांनी दाणा बसवला. एकशे चौदा भोकं! पंचक्रोशीत पहिला आला.”

“बाई गं! डोक्याला एकशे चौदा भोकं?”

“डोक्याला एकच गं. बाकीची पानाला.” साळू जवळ सरकली. खवली तेवढीच मागे सरकली, काट्यांमुळे. “तुझा अजून बोलत नाही ना? नाही, मी काही म्हणत नाही. पण म्हणतात, मूल बोलत नसलं की आईचंच कुठेतरी चुकलेलं असतं.”

“कोण म्हणतं?”

“आत्ता तर मीच म्हणते. पण उद्या बाकीचेही म्हणतील ना?”

खवली कंद न घेताच परतली. दुसऱ्या दिवशी ऊन कलायच्या आत ती सुतार डॉक्टरांच्या झाडाखाली उभी होती.

सुतार डॉक्टर म्हणजे सुतार पक्षी. डोक्यावर लाल तुरा, चोच छिन्नीसारखी. जन्मभर त्यांनी झाडं ठोकली. ठोकून ठोकून आतल्या अळ्या काढल्या. मग एक दिवस त्यांच्या मनात आलं, झाडाच्या आत काय आहे ते कळतं, तर डोक्याच्या आत काय आहे ते का कळू नये? लाकूड आणि डोकं, दोन्हींत ठोकल्यावर येणाऱ्या आवाजाचाच काय तो फरक. काही डोक्यांत तोही नसतो.

“बसा बाई,” डॉक्टर म्हणाले. “हा बघा दाणा.”

दाणा तुरीच्या दाण्याएवढा होता. त्याला खालून कोळ्याच्या जाळ्याचे चार धागे लोंबत होते, इतके बारीक की असून नसल्यासारखे. दाण्याच्या आत एक काजवा बसलेला. जातीतला सगळ्यात बारका.

“मेंदूत बारीक बारीक पेशी असतात,” डॉक्टरांनी सांगितलं. “त्या एकमेकींशी टिकटिक करत बोलतात. हे धागे ती टिकटिक ऐकतात आणि काजव्याला कळवतात. काजवा लुकलुकतो. बाहेर पानावर आमची अळी बसलेली असते. काजवा लुकलुकला की तिच्या पायांना कळतं. मध्ये तार नाही, दोरी नाही. कळलं की ती पानाला एक भोक पाडते. संपलं.”

“आणि आत अंधारात त्या काजव्याला भीती नाही वाटत?”

“काजव्याला अंधारच लागतो, बाई. डोक्यासारखी अंधारी जागा त्याला दुसरी कुठे मिळणार?”

खवलीने गोटूकडे वळून पाहिलं. तो शेपटीवर बसून डॉक्टरांच्या तुऱ्यावरच्या एका मुंगीकडे टक लावून बघत होता.

“त्याचं डोकं तापणार नाही ना?”

डॉक्टर खूश झाले. हा प्रश्न त्यांना फार आवडायचा, कारण ह्याचं उत्तर त्यांना पाठ होतं.

“मेंदू म्हणजे लोणी. काजवा फार लुकलुकला तर दाणा तापेल आणि लोणी वितळेल. म्हणून ह्या काजव्याला आम्ही काटकसर शिकवली आहे. जे बारीक कुजबुजतं, ते सोडून द्यायचं. जे एकसारखं चालू असतं, तेही सोडून द्यायचं. जे एकदम उसळतं, तेवढंच कळवायचं. अशा उसळ्या दिवसाला फार तर वीस येतात, म्हणजे लुकलुकीही तेवढ्याच. तुमचं बीळ ओढ्याकाठी ना? ओढ्याचा आवाज येतो का तुम्हाला?”

खवलीने आठवून पाहिलं. “नाही बाई. म्हणजे येत असेलच की. पण लक्षात नाही येत.”

“तेच तर! आमचा दाणा तुमच्याइतकाच हुशार आहे.”

खवलीला हे कौतुक वाटलं. तुम्हालाही वाटलं असतं.

“दुखणार नाही ना त्याला?”

“बारा वर्षं झाडं ठोकतोय. एकाही झाडाने तक्रार केली नाही. मुलाला इथे ठेवा आणि तुम्ही बाहेर बसा.”

पण गोटू शेपटी सोडेल तर ना! डॉक्टरांनी ओढलं. मदतीला साळू आली होती, तिनेही ओढलं. मुळा उपटावा तसं ओढलं. मुळा निघाला असता, गोटू निघाला नाही. शेवटी डॉक्टर शेपटीवर चढून बसले आणि तिथेच काम केलं. कानामागे, जिथे खवला पातळ असतो तिथे. ठक. एकच ठक.

गोटूला काहीच झालं नाही. खवलीचं डोकं मात्र तीन दिवस दुखत होतं.

मग अळी राहायला आली. हिरवीगार, लठ्ठ, अबोल. बिळाच्या तोंडाशी पळसाचं झुडूप होतं, त्याच्या पानावर तिने बैठक मारली. काम चोख. दाणा टिकटिकला की कुरुम, एक भोक. आठ दिवसांनी पान भरलं की डॉक्टर यायचे आणि वाचायचे.

पान वाचायचीही रीत होती. डावी कड खाण्याची. उजवी कड झोपेची. टोक भीतीचं. मधली शीर खाजेची आणि खेळाची. आणि देठाजवळची जागा घरच्यांची.

पहिलं पान वाचायच्या दिवशी खवलीने बिळासमोरची जागा शेपटीने झाडून काढली. म्हणजे गोटूनेच झाडली म्हणायची, तो शेपटीवर होता.

डॉक्टरांनी पान उजेडाकडे धरलं. “हं. मुंगी. मुंगी. मुंगी. खाज. मुंगी. हे मोठं भोक म्हणजे मोठी मुंगी. झोप. मुंगी. इथे मोर ओरडला, तेव्हा घाबरला. मुंगी. आणि हे...”

“हे काय?” खवली पुढे सरकली.

“हे काही नाही. अळीला भूक लागली होती.”

“आणि देठापाशी?”

डॉक्टरांनी पान फिरवून पाहिलं. उलटं करून पाहिलं. “देठ कोरा आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे घरच्यांपैकी कुणाचा विचार नाही.”

“आठ दिवसांत एकदाही नाही?”

“मी पानावर असेल तेवढंच वाचतो, बाई.”

डॉक्टर उडून गेले. खवली पान हातात धरून बसून राहिली. मावळतीचं ऊन भोकांतून खाली येत होतं आणि गोटूच्या अंगावर कवडसे पडले होते. मुंग्यांचे कवडसे, झोपेचे कवडसे. देठाकडून एकही नाही.

तेवढ्यात साळू आलीच. अशा वेळी तिला कोण सांगतं कोण जाणे.

“कोरा? अगं बाई! आमच्या काटेशच्या देठाला एकोणतीस भोकं आहेत. सगळी माझीच. आई, आई, आई, आई! आणि मी घरात असते तरी कधी? सकाळी हिच्याकडे, दुपारी तिच्याकडे. आता इथून अस्वलीणबाईंकडे चाललेय. तरी बघ माझं पोर!”

मुलांनो, तुम्ही साळूचं हे बोलणं लक्षात ठेवा. खवलीने ठेवायला हवं होतं. पण काळजीत पडलेल्या आईच्या लक्षात दुसऱ्याची पोरं राहतात, दुसऱ्याचं बोलणं राहत नाही.

दुसऱ्या दिवसापासून खवलीने कंबर कसली. गोटूसमोर उभी राहून ती नाचली. खवल्यांचा खुळखुळा करून गाणं म्हटलं. जंगलातलं सगळ्यात गोड वारूळ तिने त्याच्यासाठी उकरलं आणि स्वतः एकही मुंगी खाल्ली नाही. दर थोड्या वेळाने मान मागे वळवून ती विचारायची, “गोटू, मी कोण? सांग बरं, मी कोण?” इतकी मान वळवली की तिची मान आखडली.

मग ती अळीकडे बघायची. अळी मान हलवायची. नाही.

दुसरं पान. देठ कोरा. तिसरं पान. देठ कोरा. आणि डावीकडे हीऽ एवढी भोकं, त्या गोड वारुळाची.

“तुम्ही कधी झोपता का हो?” खवलीने एकदा अळीला विचारलं. “नाही, म्हणजे तुम्ही झोपलेल्या असताना त्याला माझी आठवण आली, असं झालं असेल का?”

अळीला वाईट वाटलं. “बाई, एखादं भोक मी आपलं मनाने पाडून देऊ का देठापाशी? कुणाला कळणार नाही.”

खवलीने जरा वेळ विचार केला. बराच वेळ केला, खरं सांगायचं तर. मग म्हणाली, “नको. मला कळेल.”

ती पुन्हा डॉक्टरांकडे गेली. “डॉक्टर, दाण्याचा कान थोडा मोठा करता येईल का? बारीकसारीकही ऐकेल असा?”

“आणि डोकं तापलं तर? लोणी विसरलात?”

“नको, नको. राहू दे.”

“दोष दाण्यात नाही, बाई,” डॉक्टर मायेने म्हणाले. “तुम्ही असं करा. कोकिळाबाईंचा क्लास लावा. मुलाच्या मनात जागा कशी करायची, ते त्या शिकवतात. मोठ्या तज्ज्ञ आहेत. पण एक आहे. मुलांना आणायला परवानगी नाही. मुलं असली की आयांचं मायेकडे लक्ष राहत नाही.”

आता आली का पंचाईत! गोटू शेपटीवरून उतरणार कसा?

खवलीने दोन दिवस विचार केला. दुपारी गोटू गाढ झोपला की त्याची पकड जराशी ढिली व्हायची. तिसऱ्या दिवशी तिने शेपटीएवढा जाड वेलीचा तुकडा आणून ठेवला. गोटू झोपला. तिने श्वास रोखला आणि शेपटी बोटभर ओढली. मग आणखी बोटभर. शेपटी बाहेर, वेल आत. गोटूने झोपेत वेलीला मिठी मारली.

शेपटी एकदम हलकी झाली. खवलीला ते बरं वाटायला हवं होतं. पण चालताना तिचा तोलच जाऊ लागला. दोनदा ती तोंडावर आपटली.

“लक्ष ठेवा हं,” तिने अळीला सांगितलं.

“माझं कामच ते आहे,” अळी म्हणाली.

ओढ्यापलीकडच्या उंबराखाली क्लास भरला होता. हरिणी होत्या, मुंगसं होती, दोन वानरिणी होत्या. साळू पहिल्या रांगेत होती, त्यामुळे तिच्या मागची रांग रिकामी होती. वर फांदीवर कोकिळाबाई. काय तो आवाज! ऐकत राहावं.

“मैत्रिणींनो,” कोकिळाबाई म्हणाल्या, “मी चौदा मुलांची आई आहे. पण मी आजवर एकाही मुलावर ओरडलेली नाही. एकाही मुलाला धपाटा घातलेला नाही. एकाही मुलामागे घास घेऊन धावलेली नाही.”

आया थक्क झाल्या. शेवटच्या रांगेत एक कावळीण बसली होती. डोळ्यांखाली काळं, म्हणजे तिला सगळीकडेच काळं, पण डोळ्यांखाली जरा जास्त.

“चौदातली नऊ माझ्याकडे आहेत,” ती म्हणाली.

“प्रश्न शेवटी,” कोकिळाबाई गोड आवाजात म्हणाल्या. “तर मैत्रिणींनो, माया म्हणजे काय? माया म्हणजे...”

माया म्हणजे काय, ते खवलीला आजपर्यंत कळलेलं नाही. कारण तेवढ्यात सुतार डॉक्टर धपापत उडत आले. त्यांचा तुरा आडवा झाला होता.

“गोटूची आई कुठे आहे? चला! आधी चला!”

“काय झालं?”

“पान वाचायला गेलो, तर दाणा थांबत नाही! सारखा टिकटिकतोय! डोकं तापलंय, पोराने गोटा केलाय, चोच आत जात नाही, दाणा काढता येत नाही! चला!”

मुलांनो, खवलेमांजर पळताना पाहिलंय कधी? पाहू नये. ते मागच्या दोन पायांवर पळतं, पुढचे दोन छातीशी धरून, कुणाचीतरी क्षमा मागत असल्यासारखं. एरवी वानरिणी हसल्या असत्या. त्या दिवशी कुणी हसलं नाही. खवली ओढ्यात पडली, उठली. काठावर पडली, उठली. “मीच टाकून आले,” ती म्हणत होती. “झोपलेलं लेकरू मीच टाकून आले.”

बिळासमोर अळी आडवी पडली होती. पोट फुगून टमाटम. सहा पानं कुरतडून झाली होती आणि सातव्यावर होती. तरी तिचं तोंड चालूच होतं, कुरुम कुरुम कुरुम.

आणि बिळात गोटू. वेलीचा तुकडा लांब फेकलेला. गोटा इतका घट्ट की कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो ते कळत नव्हतं. कानामागच्या खवल्याखालून उजेड लुकलुकत होता, थांबतच नव्हता. खवलीने हात लावला. भाजलेल्या रताळ्यासारखा चटका बसला.

“उघडा त्याला!” डॉक्टर ओरडले. “काहीतरी बोला! क्लासमध्ये काय शिकवलं ते करा!”

खवली काही बोलली नाही. “भूक लागली?” नाही विचारलं. “मी कोण?” तर नाहीच नाही. ती त्याच्याभोवती आडवी पडली, पोटाशी तो गरम गोटा धरला आणि शेपटी त्याच्या अंगावरून नेऊन त्याच्या नाकापाशी ठेवली. बस.

जरा वेळाने गोट्याला एक फट पडली. फटीतून एक नाक आलं. नाकाने शेपटी हुंगली. मग दोन चिमुकले पंजे आले आणि त्यांनी शेपटीला असा विळखा घातला, असा घातला, की खवलीच्या डोळ्यांत पाणी आलं. थोडं मायेने, थोडं दुखल्यामुळे.

उजेड थांबला. कुरुम थांबलं. ओढ्याचा आवाज येऊ लागला.

अळीने पहिल्यांदा श्वास घेतला. “बाई,” ती कशीबशी म्हणाली, “पानं बघा.”

सातही पानांची डावी कड धड होती. उजवी कड धड. टोकं धड. देठ मात्र एकाही पानाला उरला नव्हता. देठाजवळचं सगळं खाऊन साफ.

“वा!” सुतार डॉक्टरांचा तुरा उभा राहिला. “अप्रतिम! ह्याला म्हणतात निकाल!”

तेवढ्यात गोटूला शिंक आली. कानामागच्या भोकातून दाणा टपकन बाहेर पडला. त्यातून काजवा रांगत निघाला. पंख काळवंडलेले, चेहरा उतरलेला.

“मी हे काम सोडलं,” तो म्हणाला. “एवढं बोलणारं पोर मी जन्मात पाहिलं नाही.”

“बोलणारं?” खवली उठून बसली. “पण देठ तर रोज कोरा यायचा!”

“यायचाच. मला शिकवलंय ना, एकसारखं चालू असेल ते कळवायचं नाही. तुमच्या पोराच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून एकच चाललंय. आई आहे, आई आहे, आई आहे. मुंगी खाताना तेच, खाजवताना तेच, झोपेतसुद्धा तेच. त्यावर कुठे कुठे मुंग्या. आता ते मी कळवू कसं? त्यात नवीन काय होतं?” त्याने पंख झटकले. “आज दुपारी ते बंद पडलं. मग सुरू झालं, आई कुठे, आई कुठे. आणि ते एकसारखं नव्हतं हो. दर वेळी आधीच्याहून मोठं.”

खवलीने मान मागे वळवली, आखडलेली होती तरी वळवली, आणि शेपटीकडे पाहिलं. गोटू झोपला होता.

“म्हणजे यंत्र पहिल्यापासून बरोबरच चालत होतं!” डॉक्टर म्हणाले. “बाई, आता उपाय सोपा आहे. दर मंगळवारी त्याला असंच अर्धा दिवस सोडून जायचं. पान बघा कसं सुंदर येईल. मी काजवा नवीन देतो.”

मुलांनो, खवलेमांजराला दात नसतात हे बरं असतं. नाहीतर त्या दिवशी जंगलात एक डॉक्टर कमी झाला असता. खवलीने नुसतं डोकं पोटात घातलं, गोटूला आत घेतलं आणि गोटा करून पडली. डॉक्टर जाईपर्यंत उघडली नाही.

अळी दुसऱ्याच दिवशी कोश करून रजेवर गेली. परत आली तेव्हा तिला पंख होते आणि पानांचं नाव काढलेलं तिला खपत नव्हतं.

खवलीने मात्र एक पान जपून ठेवलं होतं. सातांपैकी नव्हे. पहिलं, ज्याचा देठ कोरा होता ते. ते तिने दारावर टांगलं. येणारेजाणारे बघायचे आणि एकमेकांना कोपर मारायचे.

पुढे बऱ्याच दिवसांनी, एका सकाळी वारुळासमोर, गोटू बोलला. पहिला शब्द. स्पष्ट, खणखणीत.

“मुंगी.”

खवली सगळ्या जंगलाला सांगत सुटली. गोटू शेपटीवर, त्यामुळे सांगायला तोही बरोबर. साळूच्या दाराशी आल्यावर साळूचे काटे खडखडले.

“पहिला शब्द मुंगी? अगं, आई नाही म्हणाला?”

“कशाला म्हणेल?” खवली म्हणाली. “मी इथेच तर आहे.”

साळूला काही ते कळलं नाही. तिला अस्वलीणबाईंकडे जायची घाई होती. घरात काटेश एकटाच होता, आणि दारावरच्या त्याच्या पानाला त्या आठवड्यात देठापाशी एकेचाळीस भोकं पडली होती.

तात्पर्य: आपलं नाव पानावर यावं असं ज्याला वाटतं, त्याने घरात थांबू नये. रोज उशाशी बसणाऱ्याची नोंद ठेवणं कुठल्याच काजव्याला परवडत नाही. कोकिळाबाईंच्या क्लासला सध्या जागा शिल्लक नाहीत. इच्छुक आयांनी आपली मुलं कावळिणीकडे सोडून रांगेत उभं राहावं.